वन्संचा एकच शब्द

आमच्या वन्सं लोकांना गाडी चालवायला शिकवतात. शिकवतात म्हणजे ओरडतात. टपावर ‘शिकाऊ’ अशी पाटी लावलेली त्यांची छोटी पांढरी गाडी दिसायच्या आधी ऐकू येते. “क्लच दाबा! गिअर टाका! आता सोडा! हळूच सोडा! हळूऽऽच म्हटलं, पायानं डास मारताय का?” दिवसभर हाच जप. म्हणून अख्खा भाग त्यांना क्लचबाई म्हणतो, आणि तोंडावर म्हणतो. पाठीमागून म्हटलेलं त्यांना आरशात दिसतं ना!

माझ्या नवऱ्याची ही धाकटी बहीण. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर म्हणतात, “ज्याचा ब्रेक माझ्याही पायाखाली आहे, असा नवरा दाखवा, उद्या बोहल्यावर उभी राहते.” आमच्याच घराच्या पुढच्या खोलीत त्यांची शाळा भरते, आणि मधल्या दारातून दिवसभर शिकाऊ लोक ‘वहिनी, जरा पाणी’ म्हणत स्वयंपाकघरात येतात. शिकवणी झाली की सगळ्यांचाच घसा कोरडा पडलेला असतो.

एका वर्षी त्यांच्याकडे एक निवृत्त चित्रकला मास्तर यायला लागले. उंच, किंचित वाकलेले, इतके सज्जन की रस्त्यात कबुतर बसलेलं दिसलं तरी गाडी थांबवून त्याच्या मर्जीची वाट बघायचे. दुसऱ्या गिअरच्या पुढं जाणं त्यांना उद्धटपणाचं वाटायचं. परीक्षेत नापास व्हायचं कारण दरवेळी एकच: ‘उमेदवार वेळेत परत आला नाही.’ वन्संनी त्यांचं नाव गोगलगाय ठेवलं होतं. मास्तरांना ते आवडलं असावं. एकदा त्यांनी गोगलगाईचं सुंदर चित्र काढून आणून दिलं, पाठीवर शंखाच्या जागी आमची पांढरी गाडी.

त्यांच्यानंतर शिकवणीचा नंबर माझा. त्यामुळं मी मागच्या सीटवर बसून त्यांचा धडा ऐकायची. दुसऱ्याला बोलणी बसताना ऐकण्यात जे सुख असतं, ते मी तिथं पुरेपूर घेतलं, खोटं कशाला बोलू?

त्या दुपारी गोदामांच्या मागच्या मोकळ्या जागेत रिव्हर्सचा सराव चालला होता. मास्तरांनी मन लावून गाडी मागं घेतली आणि मन लावून कचऱ्याच्या पिंपावर आदळवली. वन्संनी त्यांना जे झापलं, ते ऐकायला गोदामातले हमाल बाहेर आले. मग आम्ही मोठ्या रस्त्याला लागलो. मास्तर दुसऱ्या गिअरमध्ये, मी मागं खिडकीशी, आणि वन्सं म्हणाल्या, “आता ति... ति... टोपली टाका.”

मास्तर आज्ञाधारक माणूस. “टोपली? कुठली टोपली?” म्हणून बिचारे आजूबाजूला बघायला लागले.

“टोपली हो! टो...” आणि पुढचं सगळं भिजवलेल्या कणकेसारखं मऊ, बिनआकाराचं.

मी आरशात पाहिलं. वन्संच्या तोंडाचा एक कोपरा खाली ओघळला होता. मांडीवरची पर्स घसरून पायाशी पडली आणि त्यांचा उजवा हात तिच्यामागं गेलाच नाही. तो चेहरा मी पूर्वी पाहिला होता. सासऱ्यांचा. जेवताना त्यांच्या हातातला चमचा पडला, जीभ जड झाली, आणि आम्ही सगळे शहाणे म्हणालो, दमलेत, झोपू द्या, सकाळी बरं वाटेल. सकाळी ते उठलेच नाहीत. त्यांच्या थोरल्या भावालाही तेच झालं होतं. काका जगले, पण खिडकीशी लावलेल्या पलंगावर, कित्येक वर्षं, अर्ध्या अंगानं.

“वन्सं, दोन्ही हात वर करा!” मी ओरडले. डावा वर गेला. उजवा तिथंच.

“हसून दाखवा!”

त्या हसल्या. अर्ध्या.

तेवढ्यात गाडी गचकन थांबली, रस्त्याच्या मधोमध. वन्संचा उजवा पाय निर्जीव होऊन त्यांच्या बाजूच्या ब्रेकवर पडला होता. मागून हॉर्नचा जो काही गोंधळ सुरू झाला! मास्तर हात जोडून आरशाची माफी मागायला लागले. मी पुढं वाकले, वन्संच्या सीटखालची दांडी खेचली आणि सगळी सीट त्यांच्यासकट मागं ओढली. पाय सुटला. एका हातानं अँब्युलन्सला फोन लावला, तर ती गावाच्या दुसऱ्या टोकाला, यायला वेळ लागेल म्हणे. आणि मोठं हॉस्पिटल तर समोर पुलापलीकडं दिसत होतं!

“मास्तर, चला. पुलापलीकडं.”

“कोण? मी?”

“मग काय मी? मला अजून दुसरा गिअरसुद्धा शिकवला नाहीये यांनी!”

मास्तरांनी बंद पडलेली गाडी चालू केली, पहिला टाकला, पण क्लचवरचा पाय निघेना. त्यांनी वन्संकडं पाहिलं. वन्संनी डावा हात वळवून डॅशबोर्डवर धाडकन आपटला आणि त्यांच्या तोंडून लख्ख, स्वच्छ, पहिल्यासारखा एकच शब्द बाहेर पडला:

“सोडा!”

मास्तरांनी क्लच सोडला. हळूच वगैरे काही नाही, डास मारल्यासारखाच सोडला, आणि गाडी निघाली!

मी आयुष्यात जत्रेतल्या पुष्कळ पाळण्यांत बसलेय, पण त्या दुपारइतकी घट्ट कधी कशाला धरून बसले नव्हते. तिसरा गिअर पडला. मास्तर “अरे वा!” म्हणाले. चौथा पडला. मास्तर “अरे बापरे!” म्हणाले. शिकाऊ पाटी बघून एरवीही लोक चार हात लांब राहतात. ती पाटी एवढ्या वेगानं अंगावर येताना तर कुणी पाहिलीच नव्हती. बस बाजूला झाली. ट्रक बाजूला झाला. चौकात एक नाही, दोन कबुतरं बसली होती, आणि मास्तरांनी हॉर्न वाजवला! दाबून धरला! वन्सं प्रत्येक वळणाला डावा हात हलवून वळण दाखवत होत्या, आणि “सोडा! सोडा!” चाललंच होतं. चौकातल्या पोलिसानं शिटी मारली तर मास्तर खिडकीतून डोकं काढून म्हणाले, “माफ करा, परत येताना नक्की थांबतो!” तो मोटरसायकलवर मागं लागला. पुलाच्या तोंडाशी त्यानं आम्हाला गाठलं आणि आत वाकून बघितलं. वन्संचा चेहरा पाहिला मात्र, तो पुढं झाला आणि भोंगा वाजवत रस्ता मोकळा करायला लागला.

मी रडत होते. आणि लाज वाटते सांगायला, पण हसतही होते. भीतीनं माणसाला हसू येतं हे मला तोवर माहीत नव्हतं. आणि आरशात बघते तर वन्संही, अर्ध्या तोंडानं का होईना, हसत होत्या.

हॉस्पिटलच्या दारात मास्तरांनी गाडी दोन कुंड्यांच्या मधोमध उभी केली. तिथं आधी तीन कुंड्या होत्या. आत ठेंगणीशी, चटचट बोलणारी डॉक्टरीणबाई धावत आली. तिचा पहिलाच प्रश्न: “शेवटच्या अगदी ठणठणीत कधी होत्या? नेमकं आठवून सांगा, त्यावर सगळं आहे.”

मास्तर पुढं झाले. “रिव्हर्स घेताना मी पिंपाला धडकलो, तेव्हा त्या मला अगदी व्यवस्थित ओरडल्या होत्या. शब्द न् शब्द स्पष्ट होता. म्हणून दाखवू का?”

“नको,” डॉक्टरीणबाई म्हणाली. “म्हणजे फार वेळ झालेला नाही. उत्तम!”

डोक्याचं स्कॅन झालं. रक्तस्राव नाही, गुठळी अडकलीय, म्हणाले, आणि ती विरघळवायचं इंजेक्शन दिलं. उशीर झाला असता तर ते देताच आलं नसतं. आमचे हे बातमी कळताच कामावरून धावत आले, शर्टाची बटणं वरखाली लावलेली. बाकावर मास्तर गाडीची किल्ली मुठीत घट्ट धरून बसले होते. मी मागितली तर मूठ उघडेना. यांनी एकेक बोट सोडवून किल्ली काढली. तेवढ्यात आतून निरोप आला: उजव्या हाताची बोटं हललीत! आम्ही तिघांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. मास्तरांनी तर शेजारच्या बाकावरच्या, आमच्याशी काही संबंध नसलेल्या आजोबांनाही मारली, आणि आजोबांनीही ती आनंदानं घेतली.

पुढची गंमत दुसऱ्या दिवसापासून. वन्संचा हात हलायला लागला, पाय सावरला, डोकं तर पूर्वीसारखंच तल्लख. पण बोलायला गेल्या की शब्द एकच. सोडा.

नर्सनं विचारलं, “बाई, काही हवंय का?”

“सोडा.”

“अहो, सोडा कसा देऊ? गिळता येतंय का ते तपासल्याशिवाय साधं पाणीसुद्धा द्यायचं नाहीये!”

वन्सं चिडून, “सोडा!”

“सोडणार हो, सोडणार! बरं वाटलं की लगेच घरी सोडणार.”

खरं तर त्यांना उशी उंच करून हवी होती. संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर कळलं होतं की कोपऱ्यातल्या बाईंना सोड्याची भारी आवड आहे. गिळण्याची तपासणी पार पडली तशी कुणीतरी प्रेमानं बाटली आणून ठेवलीसुद्धा. वन्संनी त्या बाटलीकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं, आणि फुटल्या! हसता हसता डोळ्यांतून पाणी. मी हसले, नर्स हसली, पलीकडच्या पलंगावरची बाई टाके दुखतात म्हणून पोट धरून हसली.

मास्तर रोज यायचे. एक दिवस त्यांनी जाड पुठ्ठ्यांवर चित्रं काढून आणली. उशी, पंखा, चहाचा कप, खिडकी उघडी, खिडकी बंद, दादा, वहिनी. हवं त्यावर वन्संनी बोट ठेवायचं. त्यात एक गोगलगाय होती, तिच्या शंखातून धूर निघत होता आणि दोन कबुतरं जीव घेऊन पळत होती. वन्संनी सगळ्यात आधी बोट ठेवलं ते तिच्यावर.

डॉक्टरीणबाईला मी एकदा वन्संच्या पलंगापाशीच गाठलं. “सासरे यातच गेले, पण वन्संची अजून पंचेचाळिशी झाली नाही. हे म्हाताऱ्यांचं दुखणं ना?”

“आता तसं म्हणायची सोय राहिली नाही,” ती म्हणाली. “जगात सगळीकडं पन्नाशीच्या आतली माणसं आमच्याकडं वाढलीयत. जगाचाच हिशोब सांगायचा तर साधारण चार माणसांमागं एकाला आयुष्यात कधी ना कधी हा पक्षाघाताचा झटका येतो.”

आम्ही चौघं होतो. मी, हे, मास्तर आणि वन्सं. सगळ्यांनी एकमेकांकडं पाहिलं. वन्संनी मोठ्या दिलानं छातीवर हात ठेवला, म्हणजे तुमचा वाटा मी उचलला, तुम्ही सुटलात!

“तसं नसतं हो ते!” डॉक्टरीणबाईला हसू आवरेना. “पण ऐका, चांगलंही सांगते. माणसं वाढली, वयं वाढली, म्हणून झटका येणारे एकूण जास्त दिसतात. पण तेवढ्याच वयाची तेवढीच माणसं घेतली, तर त्यातली यानं मरणारी पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी झालीत. रक्तदाबाच्या गोळ्या आल्या, लोकांनी तंबाखू सोडली, वेळेत यायला लागले. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी हे इंजेक्शन इथं नव्हतंच. अजूनही जगात बऱ्याच ठिकाणी नाही, तिथली माणसं अजून तुमच्या सासऱ्यांसारखीच जातात. आणि ही उतरण अलीकडं जरा मंदावलीय, तेव्हा गाफील राहू नका.” मग तिचा मोर्चा वन्संकडं वळला. “तुम्हाला गोळ्या दिलेल्या होत्या ना रक्तदाबाच्या? बंद का केल्या?”

वन्सं खाली मान घालून पुटपुटल्या, “सोडा.”

“सोडा काय, सोडा? सोडल्यात म्हणूनच इथं आलात!”

घरी आल्यावर बोलणं शिकवायला एक तरुण मुलगी यायची. तिनं एक दिवस विचारलं, तुम्हाला गाणं येतं का? आम्ही म्हटलं, छे, आमच्या घरात कुणाच्याच गळ्यात सूर नाही. ती म्हणाली, चालेल, बोलणं अडतं तिथं कधीकधी गाणं निघून जातं. तिनं एक सोपी चाल गुणगुणली, वन्संचा डावा हात धरून टेबलावर ताल धरला, आणि वन्सं गायला लागल्या, “मला... च-हा... ह-वा!” भयंकर बेसूर! हे आतल्या खोलीतून धावत बाहेर आले आणि दारातच उभे राहून रडायला लागले. चहा मी असा केला की आयुष्यात तसा केला नव्हता, म्हणजे साखर दोनदा घातली, आणि वन्संनी एका घोटात सांगितलं, “गो-ड... झा-ला!” गातच!

झालं, मग काय, घरात ऑपेरा सुरू झाला. “टॉवेऽऽल द्याऽ!” “दाऽर लावाऽ!” शेजारीण भिंतीपलीकडून विचारायची, आज काय कार्यक्रम आहे? हळूहळू चाल मागं पडली आणि शब्द राहिले. हसणं मात्र गेलं नाही. भलत्या वेळी फुटायचं. शेजारच्या काकांच्या सांत्वनाला गेलो, तिथं वन्सं इतक्या हसल्या की मी त्यांना शालीत गुंडाळून बाहेर काढलं. डॉक्टरीणबाई म्हणाली, हा आजाराचाच भाग आहे, कमी होईल. वन्सं म्हणतात, “थोडा आजाराचा. बाकी माझा.”

आता आमच्या ह्यांची कथा. बाप गेला, काका खाटेला खिळले, बहीण मरता मरता वाचली, पण हे रक्तदाब तपासायला तयार नाहीत. “मला काही होत नाही. मी जिने चढतो.” मी विनवलं, रागावले, अबोला धरला. ढिम्म. शेवटी वन्संनी मनावर घेतलं. डॉक्टरांकडून तपासायचं यंत्र मागून आणलं आणि सकाळी, हे दात घासत असताना, मोहीम काढली.

“दादा, हात.”

तोंडात फेस असताना हे पळाले! सांगते काय, पन्नाशीला आलेला माणूस जेवणाच्या टेबलाभोवती पळतोय, मागं वन्सं एक पाय किंचित ओढत, हातात पट्टा फडकवत, आणि मी खुर्च्या आडव्या लावत. तिसऱ्या फेरीला वन्संनी दिशाच उलटी केली. हे थेट त्यांच्या मिठीत!

“बापासारखं... जायचंय?” वन्संनी विचारलं. पूर्ण वाक्य. न गाता. आजारानंतरचं त्यांचं पहिलंच.

हे खुर्चीत बसले. गपचूप हात पुढं केला. यंत्र घरघरलं, आकडा आला, आणि तो जास्त आहे हे कळायला डॉक्टर लागत नव्हता. पळाल्यामुळं चढला असेल, म्हणून जरा थांबून परत घेतलं. उतरला नाही. त्याच दिवशी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाली, “वेळेत आलात. पुढचा नंबर तुमचाच होता.” आता रोज नाश्त्याला भाऊबहीण समोरासमोर बसतात, आपापली गोळी जिभेवर ठेवतात, आणि कोण आधी गिळतं यावर शर्यत लावतात. मी पंच.

मास्तरांनी पुन्हा परीक्षा दिली. पुन्हा नापास! कारण: ‘उमेदवार अतिवेगानं गाडी चालवतो.’ तो शेरा त्यांनी चौकट करून भिंतीवर लावलाय. त्याच्या पुढच्या खेपेला पास झाले, पण त्याचा त्यांना तितका आनंद झाला नाही.

वन्संना परत गाडी चालवायची तर नव्यानं तपासणी आणि परीक्षा द्यावी लागणार होती. डॉक्टरांनी हात, पाय, नजर सगळं पुन्हा पुन्हा पाहिलं, महिनोन्महिने सराव करून घेतला, आणि मग कुठं हो म्हटलं. परीक्षेच्या दिवशी आम्ही सगळे मैदानाच्या कडेला उभे. आणि गाडीतून उतरला तो परीक्षक कोण? वन्संचाच जुना विद्यार्थी! त्यांना बघताच त्याचा रंग उडाला.

“बाई, तुमची परीक्षा मी काय घेणार?”

“नीट... घे,” वन्सं म्हणाल्या. “नाही घेतलीस तर... तक्रार करीन.”

त्यानं नीट घेतली. चढावर थांबवलं, उलटं घ्यायला लावलं, दोन खांबांमध्ये उभी करायला लावली. तो शेजारी बसून सवयीनं सीटचा पट्टा दोनदा तपासत होता, पाठ ताठ. वन्सं उतरल्या तेव्हा त्यानं पास झाल्याचा कागद पुढं केला. त्यांनी तो वाचलाही नाही, माझ्याकडं दिला आणि म्हणाल्या, “वहिनी, बसा. दादा, तू मागं. मास्तर, तुम्हीपण.”

“कुठं जायचंय?” यांनी विचारलं.

“माहीत नाही!”

आणि आम्ही निघालो. गावाबाहेरचा रस्ता मोकळा होता, वारा असा की माझे केस मास्तरांच्या चष्म्यात अडकले. हे मागून “हळू, अगं हळू!” म्हणत सीट धरून बसले होते. वन्संनी चौथा टाकला. आणि मग, काय सुचलं कोण जाणे, भसाड्या आवाजात त्या गायला लागल्या: रस्त्यावर जे दिसेल ते, विजेचा खांब, सायकलवाला, म्हशी, पाण्याची टाकी, सगळं एका चालीत कोंबून, यमक जुळो न जुळो. थोड्या वेळानं मास्तर शाळेतली कविता म्हणावी तसे त्यात सामील झाले, मग मी, आणि टाकी मागं पडेपर्यंत हेसुद्धा.